आक्रोश, पुरावा आणि अपील : मावळातील खटल्यांचा धडा



स्त्रीची अप्रतिष्ठा हा समाजाच्या मर्मावरचा आघात होय, अशी ज्या भूमीची धारणा आहे, त्या भूमीत अत्याचाराची वार्ता आली की प्रथम संताप उसळतो. हा संताप स्वाभाविक आहे आणि तो उसळत नसेल तर समाज मेला आहे असे समजावे. मात्र संताप रस्त्यावर उमटतो आणि न्याय न्यायालयात होतो. या दोहोंच्या मध्ये एक लांब, अरुंद आणि निसरडा पूल आहे. त्याचे नाव पुरावा. हा पूल समाजाने पाहिलेला नसतो, म्हणून कनिष्ठ न्यायालयाने दिलेली शिक्षा वरच्या न्यायालयात टिकली नाही की समाज चकित होतो, कधी न्यायाधीशांना तर कधी वकिलांना दूषणे देतो. पूल नेमका कोठे खचला याचा शोध मात्र क्वचितच घेतला जातो. मावळ आणि लोणावळा परिसरात हा शोध घेण्याचे विशेष प्रयोजन आहे.

चौरंग आठवतो, चौकशी विसरली जाते

पुणे जिल्ह्यातील रांझे गावच्या पाटलाची कथा महाराष्ट्रातील प्रत्येक घरात सांगितली जाते. १६४६ सालच्या शिवकालीन पत्रातून ती इतिहासाला ज्ञात झाली. पाटलाने केलेला बदअमल कानी आला आणि त्याचे हातपाय तोडण्यात आले. आज कोठेही अत्याचार घडला की ‘चौरंग करा’ ही घोषणा या कथेतूनच येते. परंतु त्याच पत्रात एक गोष्ट आहे आणि ती घोषणेत येत नाही. पाटलाला हुजूर आणण्यात आले, प्रकरणाची शहानिशा करण्यात आली, आरोप खरा ठरला आणि मग शिक्षा झाली. आरोपी सामान्य रयत नव्हता, वतनदार होता, तरीही त्याचे वतन आडवे आले नाही. संताप मोठा होता, तरीही चौकशी टळली नाही. स्वराज्याच्या न्यायाचे हे दोन्ही पाय होते. त्यातील एकच पाय लक्षात ठेवणारा समाज लंगडत चालतो.

अपील म्हणजे काय?

सत्र न्यायालयाने दोषी ठरविलेल्या आरोपीला उच्च न्यायालयात दाद मागण्याचा अधिकार आहे. मृत्युदंडाची शिक्षा तर उच्च न्यायालयाने पुष्टी दिल्याखेरीज अंमलात येऊच शकत नाही, मग आरोपीने अपील केलेले असो वा नसो. अपिलात उच्च न्यायालय साऱ्या पुराव्याची फेरतपासणी करते. पण तेथे साक्षीदार पुन्हा पिंजऱ्यात उभा राहत नाही. नवा पुरावा घेण्याची तरतूद कायद्यात असली तरी तिचा वापर अपवादानेच होतो. न्यायमूर्तींसमोर असतात ती कागदपत्रे : फिर्याद, पंचनामे, वैद्यकीय अहवाल, रासायनिक पृथक्करणाचे अहवाल, साक्षी आणि उलटतपासण्या.

याचा अर्थ नीट ध्यानी घ्यावयास हवा. वडगाव मावळ, कामशेत किंवा लोणावळा येथील पोलीस ठाण्यात पहिल्या रात्री जे लिहिले गेले, ग्रामीण रुग्णालयातील डॉक्टरांनी जे नोंदविले, घटनास्थळी पंचांच्या समक्ष जे उचलले आणि ज्यावर लाखेची मोहोर उमटली, तेच काही वर्षांनी मुंबईत आणि पुढे दिल्लीत वाचले जाते. पहिल्या रात्री जे सुटले ते सहसा कायमचे सुटते. खटल्याचा निकाल न्यायालयात लागत असला तरी त्याची पायाभरणी पहिल्या चोवीस तासांत होते.

गहुंजेचा खटला

मावळ तालुक्यातील गहुंजे हे नाव आज क्रिकेटच्या मैदानामुळे सर्वदूर पोहोचले आहे. त्याआधी ते एका भीषण कारणाने वर्तमानपत्रांत आले होते. १ नोव्हेंबर २००७ च्या रात्री पुण्यातील एका कॉल सेंटरमध्ये नोकरी करणारी तरुणी कंपनीने ठरविलेल्या मोटारीतून रात्रपाळीला निघाली. ती कार्यालयात पोहोचली नाही. मोटारीचा चालक आणि त्याचा साथीदार यांनी तिला गहुंजे परिसरात नेऊन तिच्यावर बलात्कार केला आणि तिची निर्घृण हत्या केली.

प्रत्यक्ष पाहणारा साक्षीदार एकही नव्हता. सारा खटला परिस्थितिजन्य पुराव्यावर उभा राहिला. अशा पुराव्याची कसोटी ज्या निर्णयाने देशाला दिली तो निर्णयही पुण्यातील एका खटल्यातलाच आहे. १९८४ साली शरद सारडा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पाच तत्त्वे सांगितली आणि त्यांना ‘पंचशील’ म्हटले. प्रत्येक परिस्थिती पूर्णपणे सिद्ध झालेली असावी. ती आरोपीच्या अपराधाशीच सुसंगत असावी. ती निर्णायक स्वरूपाची असावी. दुसरी कोणतीही शक्यता तिने शिल्लक ठेवू नये. आणि पुराव्याची साखळी कोठेही तुटलेली नसावी. त्या खटल्यात या कसोटीवर आरोपी सुटला. कसोटी ही अशी दुधारी असते, म्हणूनच ती विश्वासार्ह असते.

गहुंजे खटल्यात साखळीची एकेक कडी जुळत गेली. तरुणी शेवटची त्या मोटारीत बसली होती. प्रवासात ती भ्रमणध्वनीवर मित्राशी बोलत होती आणि गाडी कोठे नेत आहेस, हे तिने चालकाला विचारलेले त्या मित्राच्या कानी पडले होते. त्यानंतर संभाषण तुटले. पुढच्या कर्मचाऱ्याला घेण्यासाठी गाडी कितीतरी उशिरा पोहोचली, तेव्हा चालकाने पंक्चरची सबब सांगितली. ती न्यायालयात टिकली नाही. ज्या गोष्टीची विशेष माहिती केवळ आरोपीलाच असू शकते तिचा खुलासा त्याने करावयाचा असतो, हा पुरावा कायद्यातील नियम येथे कामी आला. जुन्या कायद्यात तो कलम १०६ मध्ये होता, नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमात तो कलम १०९ मध्ये आहे. वैज्ञानिक तपासणीच्या अहवालांनी साखळी पक्की केली.

पुण्याच्या सत्र न्यायालयाने मार्च २०१२ मध्ये दोघांना मृत्युदंड ठोठावला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यास पुष्टी दिली. मे २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आरोपींचे अपील फेटाळले. तीन न्यायालयांत, आठ वर्षांत, पुरावा कोठेही डगमगला नाही.

मग जे घडले ते अधिक विचार करावयास लावणारे आहे. दयेचे अर्ज झाले. राज्यपालांनी आणि मे २०१७ मध्ये राष्ट्रपतींनी ते फेटाळले. त्यानंतर फाशीचे वॉरंट निघण्यास एप्रिल २०१९ उजाडले. शिक्षेसाठी २४ जून २०१९ ही तारीख ठरली. आरोपींनी पुन्हा उच्च न्यायालयात धाव घेतली. शासकीय यंत्रणेने शिक्षेच्या अंमलबजावणीत दीर्घ काळ अकारण दवडला आणि तेवढा काळ मृत्यूच्या छायेत ठेवणे हा घटनेने दिलेल्या अधिकाराचा भंग आहे, असे ठरवून उच्च न्यायालयाने २९ जुलै २०१९ रोजी मृत्युदंड रद्द केला आणि त्याऐवजी पस्तीस वर्षांचा कारावास दिला. ९ डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम केला. दयेच्या अर्जांचा निपटारा करण्यासाठी राज्यांच्या गृह विभागांत स्वतंत्र कक्ष असावा, असेही निर्देश दिले.

मृत्युदंड असावा की नसावा याविषयी सज्जनांत मतभेद असू शकतात. परंतु येथे शिक्षा बदलली ती कोणत्याही तत्त्वचिंतनामुळे नव्हे. ती बदलली टेबलावर पडून राहिलेल्या फायलीमुळे. जी साखळी एका निष्णात बचावालाही तोडता आली नाही, ती कारकुनी आळसाने तोडली. त्या तरुणीच्या कुटुंबाला सतरा वर्षांनी मिळालेले हे उत्तर आहे.

पीडितेचा शब्द आणि कायद्याचा प्रवास

बलात्कार हा बहुधा साक्षीदारांवाचून घडणारा गुन्हा. म्हणून पीडितेच्या शब्दाला किती मोल द्यावे, हा या विषयाचा गाभा आहे आणि त्याचा इतिहास महाराष्ट्रातूनच जातो. १९७२ साली आजच्या गडचिरोली जिल्ह्यातील देसाईगंज पोलीस ठाण्यात एका वनवासी मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केल्याचे ‘मथुरा’ प्रकरण घडले. सत्र न्यायालयाने आरोपींना सोडले, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने दोषी ठरविले आणि सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडले. अंगावर जखमा नाहीत, प्रतिकाराची खूण नाही, तेव्हा संमती असावी, असा तो तर्क होता. भर रात्री, पोलीस ठाण्यात, वर्दीसमोर एक अनाथ मुलगी प्रतिकार कसा करणार होती? उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या चार विधी-अध्यापकांनी १९७९ साली सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. त्यातून देशभर मंथन झाले आणि १९८३ साली पुरावा कायद्यात कलम ११४-अ आले. कोठडीतील बलात्कारासारख्या ठरावीक प्रकारच्या खटल्यांत शरीरसंबंध सिद्ध झाला आणि ‘माझी संमती नव्हती’ असे स्त्रीने न्यायालयात सांगितले, तर संमती नव्हती असेच न्यायालय गृहीत धरील, असा तो नियम. नव्या अधिनियमात तो कलम १२० म्हणून आला आहे.

१९९० साली महाराष्ट्रातीलच चंद्रप्रकाश जैन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, पीडिता ही गुन्ह्यातील साथीदार नव्हे. तिच्या साक्षीकडे साथीदाराच्या साक्षीसारखे संशयाने पाहू नये. तिची साक्ष विश्वासार्ह असेल तर अन्य पुष्टीवाचून तिच्यावर शिक्षा आधारता येते. १८७२ च्या ब्रिटिश कायद्यात पीडितेचे चारित्र्य ‘सर्वसाधारणपणे अनैतिक’ असल्याचे दाखविण्याची आरोपीला मुभा होती. परकीय राज्यकर्त्यांनी लिहिलेले ते कलम स्वतंत्र भारताने पंचावन्न वर्षे सांभाळले आणि २००३ च्या सुधारणेने ते रद्द झाले. वैद्यकीय तपासणीच्या नावाखाली होणारी ‘दोन बोटांची चाचणी’ सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली अमान्य केली. ती तरीही सुरूच असल्याचे पाहून, ती करणारी व्यक्ती गैरवर्तनाची दोषी मानली जाईल, असे २०२२ साली बजावले.

कायद्याचे शब्द कसे वाचावेत यावरही अपिलात निकाल फिरतो. जानेवारी २०२१ मध्ये नागपूर खंडपीठाने, त्वचेला त्वचेचा स्पर्श झाल्याखेरीज पोक्सो कायद्याखालील लैंगिक हल्ला होत नाही, असे ठरविले. ॲटर्नी जनरल, राष्ट्रीय महिला आयोग आणि महाराष्ट्र शासन सर्वोच्च न्यायालयात गेले. नोव्हेंबर २०२१ मध्ये तो निर्णय उलटला. आरोपीचा हेतू महत्त्वाचा, वस्त्राचा पडदा नव्हे, असे न्यायालयाने म्हटले. अपिलाचा मार्ग केवळ आरोपीसाठी नाही, तो पीडितेलाही न्याय देतो, याचे हे उदाहरण.

निरपराध्यांचा तळतळाट

याची दुसरी बाजू सांगितल्याशिवाय विषय पूर्ण होत नाही. २००३ साली नाशिक जिल्ह्यात दरोडा, बलात्कार आणि खुनांची भयंकर घटना घडली. भटक्या जमातीतील सहा जणांना पकडण्यात आले. सत्र न्यायालयाने त्यांना मृत्युदंड दिला. उच्च न्यायालयाने तिघांचा मृत्युदंड जन्मठेपेत बदलला, तर २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना मृत्युदंड सुनावला. पुढे पुनर्विलोकनात प्रकरण पुन्हा उघडले आणि मार्च २०१९ मध्ये त्याच सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांची निर्दोष मुक्तता केली. घटनेनंतर लगेच जखमी साक्षीदार महिलेने पोलिसांकडील छायाचित्रांतून दुसऱ्याच चौघांना ओळखले होते. त्यांचा तपासच झाला नव्हता. सोळा वर्षे निरपराध माणसे तुरुंगात राहिली. प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश झाला. ज्यांच्या पाठीशी गाव नाही, जमीन नाही, ओळखीचा वकील नाही, अशा समाजबांधवांवर शंकेचे बोट किती सहज जाते! आणि खरे गुन्हेगार? ते त्या सोळा वर्षांत मोकळेच राहिले. चुकीच्या माणसाला झालेली शिक्षा म्हणजे पीडितेवर झालेला दुसरा अन्याय होय.

दिल्लीतील छावला प्रकरणातही असेच घडले. मृत्युदंड झालेल्या तिघांना नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सोडले. डीएनए नमुने पोलिसांच्या मुद्देमाल कोठडीत पडून होते. त्या काळात त्यांच्यात फेरफार झाला नाही याची खात्री देता येत नव्हती. विज्ञान अचूक असते, पण विज्ञानाच्या हाती पोहोचेपर्यंतची वाट माणसांच्या हातून जाते.

मावळ-लोणावळ्यापुढील कर्तव्य

फेब्रुवारी २०१५ मध्ये लोणावळ्यातील एका रिसॉर्टमध्ये लग्नासाठी आलेल्या कुटुंबातील सात वर्षांच्या बालिकेचा अत्याचारानंतर खून झाला, तेव्हा शहर हादरले. ऑगस्ट २०२२ मध्ये मावळातील एका खेड्यात तितक्याच वयाची मुलगी अशाच क्रौर्याला बळी पडली. गावाचे नाव येथे न घेणेच उचित, कारण पीडित बालकाची ओळख उघड होईल असे काहीही प्रसिद्ध करण्यास पोक्सो कायद्याची मनाई आहे. त्या खटल्यात पुण्याच्या विशेष न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये, म्हणजे दोन वर्षांच्या आत, आरोपीला मृत्युदंड दिला. इतकेच नव्हे, तर पुरावा नष्ट करण्यास साहाय्य करणाऱ्या त्याच्या आईलाही सात वर्षांची शिक्षा झाली. आईची माया मोठी खरी, पण रक्ताचे डाग धुणारी माया कायद्याच्या दृष्टीने अपराध आहे. ‘आपला मुलगा’, ‘आपली भावकी’ म्हणून सत्य झाकणाऱ्या प्रत्येक घराने हा निकाल वाचावा.

१ जुलै २०२४ पासून ब्रिटिशकालीन कायद्यांच्या जागी नवे कायदे आले. सात वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञांनी घटनास्थळी जाणे आणि त्या प्रक्रियेचे चित्रीकरण करणे यांची तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत आहे. बलात्कारपीडितेचा वैद्यकीय अहवाल सात दिवसांत तपास अधिकाऱ्याकडे जावा, असे बंधन आहे. सरकारी असो वा खासगी, प्रत्येक रुग्णालयाने तिच्यावर विनामूल्य उपचार केलेच पाहिजेत. कायदा आपले काम करील. समाजाचे काम कोण करणार?

समाजाचे काम साधे आहे, पण ते आधी ठाऊक असावे लागते. घटना घडली की घटनास्थळी गर्दी करू नये. पीडितेने स्नान करण्यापूर्वी, कपडे धुण्यापूर्वी तिला रुग्णालयात न्यावे. कपडे वाळलेले, कागदात गुंडाळून पोलिसांच्या स्वाधीन करावेत. लाजेपोटी फिर्यादीस विलंब झाला तरी न्यायालये तो समजून घेतात, पण गेलेला वैज्ञानिक पुरावा परत येत नाही. पंच म्हणून सही करणाऱ्याने ती न्यायालयात पाळावी. फितूर होणारा पंच आरोपीइतकाच पीडितेचा वैरी असतो. गावकीच्या बैठकीत ‘मिटवून टाकण्याचे’ प्रकार कायमचे बंद व्हावेत. हे गुन्हे मिटविण्याचा अधिकार कोणत्याही पाटलाला, पुढाऱ्याला वा ज्येष्ठाला नाही.

आणखी एक काम आहे. ते मुळीच गाजावाजाचे नाही. पोक्सोखालील कितीतरी अपिले एकाच प्रश्नावर अडतात : मुलीचे वय अठराच्या आत होते काय? शाळेचा दाखला, नाही तर ग्रामपंचायतीतील वा नगरपालिकेतील जन्मनोंद, आणि दोन्ही नसतील तरच हाडांच्या तपासणीवरून काढलेला अंदाज, असा कायद्याचा क्रम आहे. त्या अंदाजात वर्ष-दोन वर्षांचा फरक संभवतो आणि त्याचा फायदा आरोपीला जातो. मावळातील कातकरी आणि ठाकर वस्त्यांवर, वीटभट्ट्यांमागे फिरणाऱ्या कुटुंबांत जन्मलेल्या कितीतरी मुलींची नोंद कोठेच नसते. या मुली सर्वाधिक असुरक्षित आहेत आणि कागदावर त्यांचे बालपणच अस्तित्वात नाही. वस्तीवर जाऊन एकेका बालिकेची जन्मनोंद करून देणे, तिचे नाव शाळेच्या पटावर घालणे, हे सेवाकार्य तर आहेच, पण ते तिच्याभोवती उभारलेले कायद्याचे कुंपणही आहे. जन्मनोंदीला उशीर झाला असला तरी ती विहित पद्धतीने करता येते. संस्कारवर्ग चालविणाऱ्या, आरोग्य शिबिरे भरविणाऱ्या कार्यकर्त्यांनी आपल्या कामाच्या यादीत हे काम अग्रभागी घ्यावे.

एकवीरेच्या डोंगराखाली, लोहगड-विसापूरच्या छायेत राहणाऱ्या या समाजाने स्त्रीशक्तीची पूजा शतकानुशतके केली आहे. त्या पूजेची खरी परीक्षा नवरात्रात होत नाही. कोणी घाबरलेली मुलगी रात्री दारात उभी राहते, तेव्हा तिच्यावर विश्वास ठेवून तिला रुग्णालयात आणि पोलीस ठाण्यात नेणारे हात किती निघतात, आणि दोन-तीन वर्षांनी तिच्या बाजूने सत्य सांगण्यासाठी न्यायालयाच्या पायऱ्या चढणारी पावले किती उरतात, यावर ती ठरते. रांझ्याच्या पाटलाला शासन झाले, कारण राजा निर्भय होता आणि चौकशी खरी होती. आज राजाच्या जागी कायदा आहे. चौकशी खरी ठेवण्याची जबाबदारी मात्र आता प्रजेवर आली आहे.